हिरवा हाय, येऊ द्या

आमच्या घरी रेल्वे आहे म्हटलं की लोक आधी हसतात, मग जिना चढून वर येतात, बघतात आणि हमखास विचारतात, ‘नातवासाठी केली का?’ मला नातू नाही. असता तरी हात लावू दिला नसता. केडगावातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत, जुन्या दारांच्या फळ्या जोडून केलेल्या लांबलचक टेबलावर ती गाडी चोवीस वर्षं धावली. वीतभर इंजिन आणि मागे चार डबे. चालवायला मात्र दोन माणसं लागायची. दाराकडच्या टोकाला मी आणि खिडकीकडच्या टोकाला माझी बायको. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि गाडी उभी राहिली.

बिघडली नव्हती हो. जुनी पद्धतच तशी. गोल बटण फिरवलं की रुळात करंट वाढतो, आणि त्या रुळावर जेवढी इंजिनं असतील तेवढी सगळी पळत सुटतात. इंजिनाला स्वतःची अक्कल नसते. म्हणून मी मधोमध रूळ बारीक करवतीनं कापून टेबलाचे दोन भाग पाडले होते. अलीकडचा भाग माझ्या बटणावर, पलीकडचा तिच्या. मध्ये सिग्नल. माझी गाडी सिग्नलपाशी येऊन थांबायची. तिनं आपल्या बाजूचा खटका वर केला की तिच्या भागात करंट जायचा आणि सिग्नलचा दिवा बदलायचा. मग ती मान पुढं काढून, डोळे बारीक करून दिव्याकडं बघायची आणि ओरडायची, ‘हिरवा हाय, येऊ द्या!’ मी म्हणायचो, ‘हिरवा.’ आणि मग गाडी सोडायचो.

ही ओरडायची पद्धत मी लहानपणी शिकलो. माझे वडील लाईनवर गँगमन होते. बेलापूर स्टेशनाजवळच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. शेजारी एक ड्रायव्हर होते, मोठ्या मनाचे आणि मोठ्या आवाजाचे. ते सांगायचे की इंजिनात दोघं असतात, आणि सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यांदा म्हणायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. एकट्याच्या डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. मला ते इतकं आवडायचं की शाळेच्या वाटेवर मी दोन्ही आवाज एकट्यानंच काढायचो. ड्रायव्हर व्हायचं हे माझं तेव्हाच ठरलं होतं.

झालो नाही. लेखी परीक्षा पास झालो, पेढे वाटून झाले, आणि डॉक्टरांसमोर एक ठिपक्यांची वही आली. ‘यात कोणता आकडा दिसतो?’ मी म्हटलं, ‘कसला आकडा?’ त्यांनी पान उलटलं. पुन्हा ठिपके. तिसऱ्या-चौथ्या पानाला त्यांनी माझ्याकडं बघायचं सोडून दिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. लाल आणि हिरवा मला सारखे दिसतात हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं आणि लोक उगाच नावं वेगळी ठेवतात. घरी सांगितलं, जागा भरल्या. वडील महिनाभर रेल्वेला शिव्या देत होते आणि मी गप्प ऐकत होतो.

पुढं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क म्हणून लागलो. गाडी भरून ऊस आला की वजन करायचं, चिठ्ठी फाडायची. त्यात रंगाचा प्रश्न नाही. ऊस हिरवा असो नाहीतर वाळका, काटा आकडाच दाखवतो. बायको पाथर्डीकडची, पार कोरडवाहू भागातली. तिचे आईवडील दर हंगामाला ऊस तोडायला यायचे, तिथंच सोयरिक जुळली. ती शिवणकाम शिकलेली होती. लग्नात तिनं फक्त शिवणयंत्र आणलं आणि पुढं घर अर्धं त्यानंच चालवलं.

तिनं मला पकडलं ते दोऱ्यावरून. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. कुणाच्या तरी ब्लाउजला मॅचिंग दोरा हवा होता, म्हणून तिनं मला बाजारात पिटाळलं. हिरवा आणा म्हणाली. दुकानात गर्दी होती, लाजेनं कुणाला विचारलं नाही, मीच खोक्यातून उचलला. तिनं पिशवी उघडली आणि हसायला लागली. ‘अहो, हिरवा म्हनलं हुतं मी! ह्यो तर चॉकलेटी हाय!’ दोन घरं पलीकडं ऐकू जाईल असं हसली. मग माझं तोंड बघितलं आणि हसणं थांबवलं. मी तिला सगळं सांगून टाकलं, वहीसकट, जागा भरल्याच्या थापेसकट. तिनं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि म्हणाली, ‘कुनाला सांगत न्हाई मी. झाकली मूठ.’ तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही. आमच्या मुलीलासुद्धा नाही.

मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी मला पुण्याच्या जुन्या बाजारात एक खोकं मिळालं. आत परदेशी बनावटीची छोटी गाडी, थोडे रूळ, एक करंटचा डबा. मुलीसाठी घेतलं असं मी सांगितलं. बायको म्हणाली, ‘तिच्यासाठी? तिला बाहुली पायजे हुती.’ पण दुसऱ्या दिवशी तिनंच वरच्या खोलीतलं सामान हलवलं, टेबल मांडायला लावलं आणि आपलं शिवणयंत्र खिडकीशी, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला आणून ठेवलं. उजेड चांगला येतो म्हणाली.

मग आम्ही दोघांनी मुलूख वसवला. पुठ्ठ्याची स्टेशनं, बाजरीच्या धाटांचा ऊस, जुन्या परकराची नदी. माझ्या टोकाचं स्टेशन बेलापूर. तिच्या टोकाला काय नाव द्यायचं म्हटलं तर तिनं आपल्या माहेरचं गाव लिहिलं. मी म्हटलं, ‘अगं, तिथं कुठं रेल्वे आहे?’ ‘न्हाई ना,’ ती म्हणाली, ‘म्हनून तर.’ पाटी तिनंच लिहिली, पिवळ्यावर काळ्यानं, अक्षर थोडं वाकडं. गवतासाठी मी लाकडाचा भुसा रंगवला. दोन दिवस खपून तिच्या स्टेशनाभोवती पसरला. ती बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, ‘लालभडक झालंय. पर ऱ्हाऊ द्या, आमच्याकडची माती अशीच दिसती.’ तो भुसा अजून तसाच आहे.

टेबलाखालच्या वायरी हा माझ्यासाठी खरा घोर होता. तिनं त्यावर तोड काढली. शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे घेऊन ती टेबलाखाली शिरली आणि रंगीत वायरींना एकेक करून दोरा बांधत सुटली. लाल वायरीला एक गाठ, हिरवीला दोन, काळी मोकळी. त्यानंतर मी अंधारातसुद्धा बोटांनी वायर ओळखायचो. नुसत्या चाचपण्यानं.

आता एक कबुली देतो. सिग्नलवर दोन दिवे होते, वरचा हिरवा आणि खालचा लाल. रंग मला कळत नव्हता, पण वरचा लागला की खालचा हे तर आंधळ्याला सोडून कुणालाही कळेल! पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं होतं. तिच्या ओरडण्याची मला काही गरज नव्हती. पण मी बोललो नाही. बोललो असतो तर तिनं ओरडणं बंद केलं असतं. दिवसभर काट्यावर ड्रायव्हर लोकांची बोलणी खाऊन घरी यायचं, वर जाऊन खुर्चीत बसायचं, आणि पलीकडून यंत्राची खडखड थांबून आवाज यायचा, ‘हिरवा हाय, येऊ द्या!’ तेवढ्यासाठी मी चोवीस वर्षं भोट बनून राहिलो, आणि आणखी चोवीस वर्षं राहिलो असतो.

ती अकरा दिवस दवाखान्यात होती. त्याबद्दल मला लिहायचं नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, मुलगी पुण्याला नोकरीवर परत गेली. एक दिवस दुपारी मी वर गेलो, चादर काढली आणि गाडी चालू केली. सिग्नलपर्यंत आली. मग मी उठलो, टेबलाला वळसा घालून पलीकडं गेलो, तिचा खटका वर केला, तिचं बटण फिरवलं आणि माझ्या बटणाकडं परत पळालो. इंजिनानं कापलेला रूळ ओलांडला आणि मी पुन्हा पलीकडं पोचायच्या आत डबे मागं खेचत ते तिच्या पुठ्ठ्याच्या स्टेशनावर जाऊन आदळलं. पाटी पडली. माझं गुडघ्याचं दुखणं त्या दिवशी सुरू झालं, ते अजून आहे. मी पाटी उभी केली, चादर टाकली आणि खाली आलो.

यंदा दिवाळीला मुलगी आली तेव्हा तिनं चादरीवरची धूळ बघितली. ‘बाबा, चालवत का नाही?’ मी म्हटलं, दोन माणसं लागतात. ती म्हणाली, ‘आता नाही लागत. डिजिटल करू या.’ आणि तिनं मला समजावलं. नव्या पद्धतीत सगळ्या रुळात करंट कायम असतो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप बसवायची, तिला नंबर द्यायचा. मोबाईलवरून हुकूम सोडायचा, ज्याचा नंबर त्यानंच हलायचं, बाकीच्यांनी जागेवर उभं राहायचं. रुळाचे भाग नकोत, खटके नकोत, दोन बटणं नकोत. ‘एकच माणूस पुरे,’ ती म्हणाली.

तिनं ते चांगल्या मनानं म्हटलं होतं. मला मात्र कुणी छातीवर हात ठेवून ढकलल्यासारखं झालं. मला गाडी चालू हवी होती. चाकांचा तो खटखट आवाज ऐकायला माझे कान आसुसले होते. आणि भीती ही होती की एक माणूस पुरला की दुसऱ्याची जागाच उरणार नाही. चोवीस वर्षं तिच्याशिवाय ही गाडी हलत नव्हती, आता हलणार. दोन्ही गोष्टी एकदम कशा सांगायच्या? मी म्हटलं, ‘बघू.’ आमच्या घरात बघू म्हणजे हो.

महिन्याभरात कुरिअरनं खोकं आलं. मुलगी म्हणाली, मी शनिवारी येते, तोवर हात लावू नका. तिकडून ती फोनवर रोज एकेक सूचना सोडायची, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखी. मला राग आला. रूळ मी जोडले, इंजिनाची मोटर मी तीनदा दुरुस्त केली, आणि आता एवढीशी चिप बसवायला लेक यायची वाट बघू? आपला हात जगन्नाथ. शुक्रवारी सकाळी चष्मा लावून बसलो.

चिप नखाएवढी होती. तिला केसासारख्या बारीक सहा-सात वायरी. सोबतच्या कागदावर लिहिलेलं, लाल आणि काळी चाकांकडं, नारिंगी आणि करडी मोटरकडं. लाल, नारिंगी, हिरवी. माझ्या डोळ्याला एकाच चहाचे तीन पेले. दोन घरं पलीकडं एक इलेक्ट्रिशियन राहतो, त्याला नुसतं विचारलं असतं तरी काम झालं असतं. पण साठी उलटलेल्या माणसानं ‘ही लाल का?’ म्हणून दार वाजवायचं? मी उजेडात धरून, अंदाजानं कथिलाचे डाग दिले. रुळावर इंजिन ठेवलं, करंट सोडला. इंजिन हललं नाही. त्याच्या टपातून धुराची एक बारीक काडी वर आली आणि जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. मी तिच्या यंत्राकडं बघितलं. ‘चॉकलेटी हाय ह्यो,’ असं ती म्हणाली असती.

शनिवारी मुलगी आली. चिप बघून म्हणाली, ‘मोटरची वायर चाकाला जोडलीत. बाबा, रंग तर लिहिलेले होते.’ मी म्हटलं, ‘तुझा मालच भिकार.’ तिनं पिशवीतून दुसरी चिप काढली. जादा आणली होती, बापाला ओळखून आहे. मग जुनं वायरिंग काढायला मोबाईलचा दिवा लावून टेबलाखाली शिरली. मी वर खुर्चीत फुगून बसलो होतो.

‘बाबा,’ खालून आवाज आला, ‘या वायरींना दोरे कसले बांधलेत?’

मी इंजिनाचा टप पुसायला घेतला.

‘सगळ्या लाल वायरींना एक गाठ आहे. हिरव्यांना दोन.’ मोबाईलचा उजेड टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेला. ‘काळ्या सोडून सगळ्यांना आहे बाबा. एकही सुटलेली नाही. हे आईनं केलंय ना? कशासाठी?’

थाप मारता आली असती. चाळीस वर्षांची सवय होती. पण जिनं मूठ झाकून धरली होती तीच नव्हती, एकट्यानं धरून ठेवायचा मला कंटाळा आला. मी खुर्चीत बसूनच, टेबलाकडं बघत, खाली वाकून न बघता, तिला सगळं सांगितलं. ठिपक्यांची वही, पेढे, चॉकलेटी दोरा. ती टेबलाखालून बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत जाळी होती.

‘म्हणून आईनं तुम्हाला कधी टमाटे आणायला पाठवलं नाही!’ ती म्हणाली.

‘एकदा पाठवलं होतं. सगळे कच्चे आणले. आठ दिवस चटणी खाल्ली.’

ती हसली, मीही हसलो. मग ती म्हणाली, ‘मला का नाही सांगितलंत?’ मी म्हटलं, बापाला काही दिसत नाही हे लेकीला कशाला कळायला हवं? ‘वा रे वा,’ ती म्हणाली आणि नाक पुसायला तोंड फिरवलं. नंतर शिवणयंत्राचा खण उघडून तिनं दोऱ्याचं रीळ काढलं, नव्या चिपच्या वायरी समोर घेतल्या आणि मला विचारलं, ‘नारिंगीला किती गाठी?’ आईनं नारिंगीचं काही ठरवलं नव्हतं. आम्ही तीन ठरवल्या.

दुपारपर्यंत काम झालं. ती गाठी बांधत होती, मी बोटांनी चाचपून डाग देत होतो. जुन्या वायरी एकेक करून निघाल्या. ती कापायची आणि मी गाठीसकट दोरे सोडवून पत्र्याच्या डबीत ठेवायचो. दोन्ही बटणं निघाली. रूळ जिथं कापला होता तिथं जोड लावायचा तेवढा राहिला, आणि तिच्या टोकाचा तो खटका. जेवून मग करू, आधी इंजिन तर बघू, असं ठरलं.

खोटं कशाला बोलू, इंजिन फार सुंदर चाललं. पूर्वी सुटताना झटका द्यायचं, आता मुंगीच्या पावलानं निघालं. पुढचा दिवा लागला. मोबाईलवर बोट ठेवलं की शिट्टी वाजायची, खरीखुरी, आमच्या क्वार्टरपर्यंत यायची तशी. मी दहा-बारा वेळा वाजवली. मुलगी म्हणाली, ‘कशी आहे?’ मी म्हटलं, ‘बरी आहे.’ हसू मात्र माझ्या तोंडावर मावत नव्हतं.

‘थांबा, व्हिडिओ घेते,’ ती म्हणाली आणि पलीकडं जाऊन आईच्या स्टुलावर बसली. मोबाईल डोळ्यांसमोर धरला. मी गाडी सिग्नलपाशी आणून थांबवली, सवयीनं. ती मोबाईल खाली-वर करत होती.

‘बाबा, आईला सिग्नल कसा दिसायचा?’

‘म्हणजे? समोर तर आहे.’

‘तुमच्या समोर आहे. दिव्यांचं तोंड तुमच्याकडं आहे. इथून नुसती पाठ दिसते. काळा रंग दिलेली.’

‘तुला नीट बसता येत नाही,’ मी म्हटलं. ‘ती मान पुढं काढून बघायची.’

तिनं मान पुढं काढली. डावीकडं वाकली, उजवीकडं वाकली. ‘नाही दिसत. तुम्ही या.’

मी गेलो. ती उठली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या स्टुलावर बसलो. त्या दुपारी घाईत खटका टाकायला आलो होतो तेव्हा उभाच होतो, बसलो कधी नव्हतो. सिग्नल समोर होता. काळी पाठ, मागून निघालेल्या दोन वायरी, बस्स. मान काढली, वाकलो, अर्धवट उभा राहिलो. दिवा लागला की विझला, वरचा की खालचा, तिथून कळायला काही मार्ग नव्हता. बरोबरच होतं. येणाऱ्या गाडीला दिसावा म्हणून सिग्नल मीच तसा लावला होता. तिला तो कसा दिसेल याचा विचारच केला नव्हता.

मग मला तो पावसाळा आठवला. वरचा दिवा उडाला होता. तिनं खटका टाकला, खालचा दिवा विझला, वरचा लागलाच नाही. तिनं नेहमीसारखी मान पुढं काढली, डोळे बारीक केले आणि ओरडली, ‘हिरवा हाय, येऊ द्या!’ मी बुचकळ्यात पडलो. पण दिवा लागलेला नाही असं म्हणालो असतो तर माझं बिंग फुटलं असतं. मी म्हटलं, ‘हिरवा,’ आणि गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी गुपचूप दिवा बदलला. तिच्या डोळ्यांना चष्मा लागला असेल असं तेव्हा मला वाटलं होतं.

मी हे मुलीला सांगितलं. वरच्या-खालच्या दिव्याचंही सांगितलं. तिनं मोबाईल खाली ठेवला.

‘म्हणजे तुम्हाला कळत होतं, तरी तुम्ही कळत नाही म्हणून बसायचात. आणि आईला दिसत नव्हतं, तरी ती दिसतंय म्हणून ओरडायची. दोघंही थापा मारत होतात?’

‘चोवीस वर्षं,’ मी म्हटलं आणि मला रडू आलं. दवाखान्यात आलं नव्हतं, पुण्यानुमोदनाला आलं नव्हतं, ते तिथं त्या स्टुलावर आलं. मुलगी शेजारी यंत्राला टेकून उभी राहिली. मी रडत होतो आणि मला तिचा, म्हणजे बायकोचा, भयंकर राग येत होता. काय नाटक करायची ती! मान काय काढायची, डोळे काय बारीक करायची! आपला नवरा ड्रायव्हर होता होता राहिला, त्याला दुसरा डोळा मिळावा म्हणून चोवीस वर्षं हातातला ब्लाउज बाजूला ठेवून काळ्या पाठीकडं बघत बसली. आणि मला हे विचारायला ती नाही.

जेवण झाल्यावर मुलीनं रुळाला लावायचा जोड पिशवीतून काढला आणि पक्कड घेऊन खटक्याकडं गेली. ‘एवढं एक काढलं की झालं. मग सगळा रूळ एक होईल.’

‘राहू दे,’ मी म्हटलं.

‘बाबा, त्याचा आता काही उपयोग नाही. उलट तो खाली असला की त्या भागात करंटच जाणार नाही. गाडी पुढं नेता यायची नाही.’

‘नाही गेली तर नाही गेली.’

तिनं पक्कड खाली ठेवली. जोड लावला नाही. खटक्यातून तिच्या भागाला करंट जाईल अशी वायर फिरवून दिली, तिलाही दोन गाठी मारल्या, आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेली.

आता मी रोज चारच्या सुमाराला चहा घेऊन वर जातो. बेलापूरवरून गाडी सोडतो, हळू, अगदी हळू, आता घाई करावी लागत नाही. सिग्नलपाशी थांबवतो. मोबाईल खिशात ठेवतो, गुडघ्यावर हात देऊन उठतो, टेबलाला वळसा घालून पलीकडं जातो आणि स्टुलावर बसतो. खटका वर करतो. तिथून सिग्नलची काळी पाठ दिसते, आणि तिच्या बरोबर मागं, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, माझी खुर्ची. एवढी वर्षं तिथून तिला तीच दिसत होती. मी मान पुढं काढतो आणि म्हणतो, ‘हिरवा हाय, येऊ द्या.’

खुर्चीतून कुणी काही म्हणत नाही. मग मी उठतो, पुन्हा वळसा घालून परत येतो, माझ्या जागेवर बसतो, दम घेतो आणि म्हणतो, ‘हिरवा.’ आणि गाडी तिच्या माहेराला सोडतो.